पाचव्या कर्ण्याची जागा

माझ्या भावाच्या बँडचा नवा अल्बम सुरेख झाला आहे, हे आधीच सांगून टाकते. बहीण आहे, कौतुक करणारच, असं ज्यांना वाटेल त्यांनी आधीच्या दोन अल्बमांबद्दल मी काय बोलले होते ते त्यालाच विचारावं. पहिला इंग्रजीत होता. त्यात चौघं पोरं एकमेकांवर डूख धरून वाजवत होती आणि माझा भाऊ पायावर पाटा पडल्यासारखा ओरडत होता. दुसरा मराठीत होता, पण शब्द कुणाला ऐकू येऊ नयेत याची चोख व्यवस्था केलेली होती. मी फोन करून तसं सांगितलं.

“आक्का, तुला त्यातलं कळत न्हाई,” तो म्हणाला.

“मग मला कावून पाठवतो?” मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही दोघं फोनवर फक्त सणाची चित्रं पाठवून एकमेकांना जिवंत असल्याचं कळवत होतो.

हा तिसरा अल्बम दसऱ्यानंतर आला. दिंद्रुडला माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान आहे. सासर गावातच, पण वडील गेल्यापासून आई एकटी, म्हणून दुकान इकडं थाटलं. दिवसभर मी मशीनवर आणि ती मागं अंगणात, असं आमचं चालतं. मशीन चालवताना मी एका कानानं गाणी ऐकते आणि दुसरा कान गिऱ्हाइकांसाठी मोकळा ठेवते. अल्बमही असाच अर्ध्या कानानं ऐकायला घेतला होता. दुसऱ्या गाण्याला मशीन थांबवलं आणि दुसऱ्या कानातही वायर घातली.

असल्या गाण्यांना गिटार पॉप म्हणतात म्हणे. नाव काही का असेना. दोन गिटारी, एक ती जाड तारांची, मागं ड्रम, आणि पुढं माझ्या भावाचा आवाज. या खेपेला तो ओरडत नाही, गातो. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या लटकवून त्यांनी हे सगळं ध्वनिमुद्रण केलं. पाठीशी कंपनी नाही, कुणी मोठा माणूस नाही. गोधड्यांमुळे की काय, गाणं कानाशी बसून कुणी म्हणावं तसं जवळून येतं. शेजारच्या खोलीतल्या कुकरच्या शिट्ट्यांवर एक गाणं आहे. दुसऱ्याच्या घरी शिजणारं वरण आपल्या खोलीत नुसतं ऐकू येतं, एवढीच त्याची गोष्ट. ऐकून मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. एक गाणं कपिलधारला मित्रांबरोबर भिजलेल्या दुपारचं आहे. त्यात धबधबा हा शब्द एकदाही येत नाही, पण दोन्ही गिटारी वरून खाली अशा सरसर उतरतात की दगडावरचं शेवाळ पायाला लागतं. चाली सोप्या आहेत. इतक्या सोप्या की तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी गुणगुणायला लागले आणि आपण काय गुणगुणतोय हे शेजारणीनं विचारल्यावर कळलं. सोपी चाल करणं अवघड असतं; कापड बेतणाऱ्या बाईला हे सांगायला नको.

घरात मात्र या कौतुकाची पंचाईत होती. आईला आम्ही माय म्हणतो. लिहायला बसलं की हातून आई उमटतं, हा शाळेचा परिणाम. तर आईसमोर गिटारीचं नाव काढायची सोय नव्हती. आईनं आणि वडिलांनी आयुष्यभर ऊस तोडला. भाऊ शिकला, पुण्यात कंपनीत लागला, तेव्हा आईनं नारायणगडाला जाऊन नारळ फोडला, घरी येऊन कोयता माळ्यावर टाकला आणि पुन्हा त्याच्याकडं पाहिलं नाही. पुढं भावानं ती नोकरी सोडली. सोडल्याचं सांगायला तो गिटार घेऊनच घरी आला. तेवढी अक्कल त्याला असती तर तो आमचा भाऊ कशाला झाला असता? आई त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती, त्या काळ्या पिशवीकडं बघत होती.

“कोयता सुटावा म्हणून आमी हाडं झिजवली, अन तू हे डबडं धरलं,” ती म्हणाली. “हे डबडं घेऊन या घरात यायचं न्हाई.”

“मग मी बी येत न्हाई,” तो म्हणाला.

खाण तशी माती. दोन दिवाळ्या गेल्या, तो आला नाही. फोन करायचा. आई विचारायची, “जेवला का?” तो म्हणायचा, “जेवलो.” संपलं. मग फोन माझ्याकडं यायचा आणि दोघंही माझ्या तोंडून एकमेकांची खुशाली काढून घ्यायचे. मी अडकित्त्यातली सुपारी झाले होते.

खरं सांगायचं तर मला तो हवा होता. सणाला आठवण यायला मला सवड नसते, सणाला ब्लाउजांची घाई असते. आठवण यायची ती रोजच्या ताटावर. लहानपणी भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा त्याचा आणि खालची जाड बाजू माझी, अशी आमची वाटणी होती. आता दोन्ही मलाच. पापुद्रा मला कधीच आवडला नाही. तरी मी तो आधी काढून ताटाच्या कडेला ठेवते आणि शेवटी मुकाट्यानं खाते.

अल्बममधलं शेवटचं गाणं लागलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही कापत होते. गिटारीवर एक छोटी चाल सुरू झाली. एकेक सूर वर चढत गेला आणि आता शेवटचा येणार म्हणून कान पुढं झाला, तर चाल गपकन थांबली. शेवटचा सूर आलाच नाही. त्या जागी नुसता ड्रम वाजत राहिला, जसं कुणासाठी दार उघडं ठेवावं. मग पुन्हा तीच चाल, पुन्हा तिथंच तुटलेली. माझी कातर नको तिथपर्यंत गेली.

तो आमच्या मुकादमाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न होता.

दिवाळीच्या आगेमागे हा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गावात यायचा. ऊसतोडीला जाणारी जोडपी त्यात संसार भरायची: भांडी, पीठ, पाण्याचे कॅन, शेळी असली तर शेळी. आम्ही दोघं भावंडं चुलतीपाशी राहायचो. मी शाळेत जायच्या वयाची, तो माझ्या कडेवर. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर मोठा हौशी. त्यानं टपावर पाच कर्ण्यांचा हॉर्न बसवून घेतला होता. बटण दाबलं की एकेका कर्ण्यातून एकेक सूर निघून चाल वाजायची. एकदा बाभळीच्या फांदीला अडकून पाचवा कर्णा तुटला. “या हंगामात बसवतो,” ड्रायव्हर म्हणायचा. असे किती हंगाम गेले, त्यानं काही तो बसवला नाही. चाल चार सूर चढायची आणि वरची पायरी नसलेल्या जिन्यासारखी अधांतरी थांबायची.

पाचवा सूर आई लावायची. ट्रॉलीत सामानाच्या ढिगावर बसलेली असायची. हॉर्न थांबला रे थांबला की ती तोंडाशी हात धरून वरच्या पट्टीत “हूऽऽ” करायची. कोणी शिकवलं नव्हतं. भाऊ रडायचा थांबावा म्हणून एकदा केलं, तो थांबला, मग ते तिचं कामच झालं. गाडी निघाली की वळणापर्यंत हॉर्न आणि हूऽऽ, हॉर्न आणि हूऽऽ असं ऐकू यायचं. वळणानंतर नुसता हॉर्न. भाऊ पुन्हा रडायला लागायचा ते तेव्हा.

उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडायचा, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायचा, आणि गाड्या परतायला लागायच्या. आम्ही दोघं रोज फाट्यावर जाऊन बसायचो. लांबून तुटक्या चालीचा हॉर्न आला की भाऊ मला चिमटा काढायचा, पण जागचा उठायचा नाही. मागून हूऽऽ आलं की मगच उठायचा. त्याला कारण होतं. एका वर्षी हॉर्न ऐकून तो नाचत गाडीला सामोरा गेला, गाडी थांबली, सगळ्यांची माणसं उतरली आणि आमचं कुणी उतरलंच नाही. वडिलांना ताप होता म्हणून दोघं मागच्या गाडीला राहिले होते. दुसऱ्या दिवशी आले. पण त्या संध्याकाळी माझा भाऊ रिकाम्या ट्रॉलीत चढून कोपरे बघत होता, ते मी विसरलेली नाही.

उतरल्यावर आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. कडेवर घेणं नंतर, तोंडावरून हात फिरवणं नंतर, आधी, “जेवलात का?” आणि आम्ही चुलतीकडं पोटाला तडस लागेपर्यंत जेवलेलो असलो तरी म्हणायचो, “न्हाई.” कारण न्हाई म्हटलं की ती कितीही दमलेली असो, चूल पेटवायची, आम्हाला दोन्ही बाजूंना घेऊन बसायची आणि आपल्या हातानं भरवायची. आम्ही खोटं बोलतोय हे तिला कळत असणार. आमच्या ओठांवर चुलतीच्या कढीच्या मिशा असायच्या.

हे सगळं त्या कापलेल्या बाहीसमोर बसून मला आठवत होतं. मग मी अल्बम मागं नेऊन पहिलं गाणं पुन्हा लावलं. त्यातही तीच चाल होती, एकाच गिटारीवर, इतकी संथ की पहिल्यांदा माझ्या ध्यानातच आली नव्हती. पहिलं गाणं म्हणजे गाडी गेली. शेवटचं म्हणजे गाडी आली. मधली सगळी गाणी वाट बघतानाची. कुकरच्या शिट्ट्या ऐकणारं पोरगं पुण्यात बसून कुणाची वाट बघतंय, हे मला तेव्हा कळलं. मी बाहीवर डोकं टेकवून रडले, मग उठून तोंड धुतलं. त्या गिऱ्हाइकाला सध्या आखूड बाहीच चालते म्हणून पटवलं. ती अजून खुशीत आहे.

संध्याकाळी फोन केला. “हॉर्न हाय ना तो?” मी विचारलं.

“वळखलं तू?” त्यानं हळूच विचारलं.

“न वळखायला मी काय पुण्याची हाय?”

तो हसला. पुण्यातल्या कुणा जाणकारानं अल्बमबद्दल भरभरून लिहिलं होतं, ते त्यानं वाचून दाखवलं. अपुरी सोडलेली चाल म्हणजे शहरातल्या तरुण पिढीची अस्वस्थता, असं त्यात होतं. बाभळीच्या एका फांदीला एवढा मान मिळाल्याचं ऐकून मला बरं वाटलं. बँडमधल्या बाकीच्या तिघांनाही ती रिकामी जागा खटकली होती. एक म्हणाला आपण तिथं बासरी घालू, दुसरा म्हणाला निदान तू तरी गा. “त्यांना म्हणलं, ती जागा भरलेली हाय,” भाऊ म्हणाला. “त्यांना वाटलं मी येडा झालो.”

मग त्यानं आवाज खाली आणला. “आक्का, मायला ऐकव. पर आधी काही सांगू नको.”

“अन तिनं न्हाई वळखलं तर?”

“तर मग हे सगळं उगं केलं,” तो म्हणाला.

आता ही जबाबदारी माझ्या गळ्यात. मी बरेच दिवस टाळलं. आई आता थकली आहे. कोयता टाकल्यापासून ती त्या दिवसांबद्दल बोलत नाही, आणि कुणी बोललं तर उठून जाते. तिनं “काय पीपी लावलंय” म्हणून तोंड फिरवलं असतं, तर ते त्याला कोणत्या शब्दांत सांगायचं? खोटं सांगितलं असतं तर त्यानं माझ्या आवाजावरून ओळखलं असतं. रोज सकाळी आज ऐकवू म्हणायचे आणि रोज काही ना काही शिवायला निघायचं.

शेवटी एका दुपारी जेवणं झाल्यावर ताटं मोरीत टाकली आणि दुकानातला छोटा स्पीकर उचलून मागच्या दारात आणून ठेवला. आई अंगणात सुपात मटकी पाखडत होती. बाहेर रस्त्यानं कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर अधूनमधून जात होते. त्या दिवसांत ते जातातच. मी अल्बम पहिल्यापासून लावला.

पहिलं गाणं संपत आलं तेव्हा ती म्हणाली, “कुणी मेलंय का गं यात?”

कुकरच्या गाण्याला म्हणाली, “याला सर्दी झालीया. काढा घे म्हणावं.” म्हणजे आवाज तिनं ओळखला होता. बंद कर असं मात्र म्हणाली नाही. कपिलधारच्या गाण्यात मी बघत होते, सूप त्या ड्रमबरोबर हलत होतं. तिला ते माहीत नव्हतं आणि मी सांगायला गेले नाही.

मग शेवटचं गाणं लागलं. दोन्ही गिटारी मोठ्यानं, उजेडात आल्यासारख्या, ती चाल वाजवत चढल्या आणि थांबल्या.

आईनं सूप खाली ठेवलं. “अगं, मुकादमाची गाडी आली बघ!” असं म्हणत ती उठली. पदराला हात पुसत माझ्या अंगावरून, दुकानातून, गिऱ्हाइकांच्या पिशव्यांतून वाट काढत थेट रस्त्यावर गेली आणि फाट्याच्या बाजूला बघत उभी राहिली. तो ट्रॅक्टर कधीच भंगारात गेला, हे तिला माहीत आहे. त्या क्षणी नव्हतं. मी तिच्या मागं गेले. रस्ता रिकामा होता.

आणि चाल पुन्हा वाजली. या वेळी तिच्या पाठीमागून, घरातून.

आई वळली. एकेक पाऊल टाकत परत आत आली आणि स्पीकरसमोर उभी राहिली. त्या एवढ्याशा डबीकडं तिनं असं पाहिलं की मीच बाजूला झाले. गाण्यातली तिसरी खेप आली. गिटारी चढल्या, थांबल्या, ड्रम तेवढा वाजत राहिला. आईचा हात तोंडाशी गेला.

“हूऽऽ.”

आवाज म्हातारा झालाय, मध्ये फाटला. पण जिथं लागायला हवा होता तिथंच लागला. त्या गाण्यात जी जागा सगळ्या पुण्याला रिकामी दिसली होती, ती माझ्या मागच्या दारात भरली, आणि हे ऐकायला मी आणि ती मटकी एवढेच होतो.

गाणं संपलं. आई खाली बसली. डोळे पदरानं पुसले आणि लगेच चिडली. “मेल्यानं तो कर्णा अजून बसवला न्हाई व्हय?”

“न्हाई,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी ठेवलाय म्हणे.”

ती बराच वेळ सुपातल्या मटकीत बोट फिरवत राहिली. खडा काढल्यासारखं करायची आणि तोच दाणा परत टाकायची. मग म्हणाली, “लाव त्याला फोन.”

पहिल्याच रिंगला त्यानं उचलला. मी काही बोलायच्या आत आईनं फोन माझ्या हातातून घेतला. कसा आहेस नाही, काही नाही.

“गाडी तर आली,” ती म्हणाली. “पर आमचं कुणी उतरलं न्हाई.”

तिकडं कुणीतरी गिटारीच्या तारा जुळवत होतं. ते थांबलं. भावाचा श्वास तेवढा येत होता, मलाही ऐकू येईल एवढा. आईनं फोन कानापासून दूर केला नाही.

मग त्याचा आवाज आला, लहानपणी रडून झाल्यावर यायचा तसा.

“माय, जेवलीस का?”

आईनं माझ्याकडं पाहिलं.

“न्हाई,” ती म्हणाली. मोरीत आमची दोघींची उष्टी ताटं अजून तशीच पडली होती.